हिरव्या जिभेचा प्रसाद

"जीभ काढा," धूरबाबाने फर्मावलं, आणि सभागृहातल्या शंभर-सव्वाशे जाणत्या माणसांनी निमूटपणे जिभा बाहेर काढल्या. निम्म्याअधिक हिरव्या.

"बघा, आतला रोग बाहेर येतोय. ज्वालामुखीचा डोंगर तो ओढून घेतोय." लोक गहिवरले. गहिवरायला काय लागतं!

मागे उभ्या ताईला मात्र धड उभंही राहवत नव्हतं. पहिल्या रांगेत तिची धाकटी बहीण बसली होती, दम्याची जुनी रोगी. बाबाच्या शब्दाखातर तिने आठ दिवसांपूर्वी पंप कचऱ्यात टाकला होता, आणि आता तिच्या छातीतली शिट्टी मागपर्यंत ऐकू येत होती. ताईच्या पर्समध्ये नवा पंप होता. धाकटी त्याला शिवत नव्हती.

बाबाने निखाऱ्यांवर काळी पूड टाकली. हिरवी ज्वाळा उठली. "ज्वालामुखीचा प्रसाद. खोल ओढा." स्वतः महाराज पंख्यामागे, स्वच्छ हवेत.

धाकटीने वळून कौतुकाने जीभ दाखवली. हिरवी.

ताई ज्वालामुखींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत दगडांची पूड करायची. तिथे रोज कामाआधी सगळे एकमेकांना जिभा दाखवत. हिरवी दिसली की त्या माणसाला थेट डॉक्टरकडे धाडत. ती तरातरा पुढे गेली.

"बाबा, तुमची जीभ बघू."

"मला रोग नाही, बाई."

"मलाही नव्हता. एकदा मास्क न लावता हाच दगड कुटला, तर माझी हिरवी झाली. आठ दिवस खोकत होते. ज्वालामुखीतून वाफ निघते त्या तोंडाशी जमणारी ही दुर्मीळ खपली आहे. तिच्यात तांबं असतं, त्याने ज्वाळा हिरवी होते. व्हॅनेडियम नावाचा धातू असतो, त्याने जीभ. रोग बाहेर येत नाहीये, विष आत जातंय."

"श्रद्धा नाही तुझी," बाबा गुरगुरला.

"तुमची आहे ना? मग घ्या एक दम."

ताईने पंखा उचलून निखाऱ्यांच्या अलीकडे, बाबाकडे तोंड करून ठेवला. धूर बाबाच्या तोंडावर गेला. त्याने उपरण्यात नाक खुपसलं आणि मागच्या दाराने काढता पाय घेतला. ताईने निखाऱ्यांवर बादली ओतली.

"आता सगळे दवाखान्यात चला," ताई म्हणाली. "आणि यापुढे कुणी काही हुंगायला दिलं, तर आधी त्यालाच हुंगायला सांगा."

धाकटीला बोलवत नव्हतं. तिने ताईच्या पर्सकडे हात पुढे केला.