गाळ्याचं तोंड

पद्मनाभ दिघे दिवसा एका सरकारी संशोधन संस्थेत विमानाच्या पंखांचे आडवे छेद काढायचा आणि उरलेल्या वेळात राक्षस. पहिल्या कामाची चित्रं गोपनीय होती, दुसऱ्या कामाची कुणी पाहत नव्हतं. एकूण प्रसिद्धी सारखीच.

राक्षसाचं नाव गाळ्या. नव्वदच्या त्या वर्षांत बेंगळुरात तळी बुजवून वर लेआउट पाडायचा धंदा जोरात होता. गाळ्या असल्या बुजवलेल्या तळ्याच्या गाळातून उठायचा आणि न्हाणीघराच्या जाळीतून, नाहीतर स्वयंपाकघरातल्या सिंकमधून वर यायचा. खायचा कुणालाच नाही. नुसता यायचा, उभा राहायचा, आणि तो गेल्यावर घरात ओल उरायची. ह्या चित्रकथेत शब्द नव्हते. मराठीत लिहिलं तर वाचणार कोण, कन्नडात लिहिलं तर तपासणार कोण, आणि इंग्रजीत लिहिलं तर राक्षस कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यासारखा वाटणार. त्यापेक्षा गप्प बसलेला बरा.

गाळ्याला तोंडही नव्हतं, पण हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. दर अंकात काहीतरी आड यायचं. कधी दार, कधी दोरीवरची चादर, कधी कुकरची वाफ. शेवटच्या अंकाच्या शेवटच्या पानावर तो पहिल्यांदा अख्खा दिसणार होता: खिडकीशी वाकलेला, आत जेवायला बसलेलं कुटुंब त्याच्याकडे बघतंय, आणि चेहऱ्याच्या जागी कोरा पांढरा कागद. सगळी मालिका त्या एका पानासाठी होती. गणपतीपासून दिवाळीपर्यंत पद्मनाभने त्यावर बारीक निबने रेघा ओढल्या. शेवाळ, गाळ, भिंतीची ओल, सगळं इतकं काळं केलं की मधला कोरा गोल डोळ्यांत खुपायला लागला. मग तो थांबला.

अंकांच्या प्रती राजाजीनगरात गुरुप्रसादच्या झेरॉक्सच्या दुकानात निघायच्या, तिथेच स्टेपल व्हायच्या आणि तिथेच काउंटरवर विकायला राहायच्या. घेणारी बहुतेक इंजिनिअरिंगची मुलं. नोट्सच्या झेरॉक्स काढायला यायची आणि सोबत राक्षस घेऊन जायची.

"सार, हे पान व्यंकोजीरावांना दाखवा," गुरुप्रसाद म्हणाला. "इथंच राहतात, मागच्या रस्त्याला. दर रविवारी जुने आर्टिस्ट जमतात त्यांच्याकडे. त्यांनी एकदा चांगलं म्हटलं की पेपरात येतंय."

व्यंकोजीरावांनी उभी हयात एका सांजदैनिकात व्यंगचित्रं काढली होती. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरात. मराठी घरात टिकून होती, पण कानडी उन्हात वाळवलेली. त्यांच्या चित्रांतला शामण्णा गावाला माहीत होता. गोल चष्मा, झुपकेदार मिशा, भुवया कपाळाच्या वर. व्यंकोजीरावांच्या चित्रात मंत्री असो, दूधवाला असो, म्हैस असो, सगळ्यांना शामण्णाचंच तोंड असे. हीच त्यांची शैली, असं लोक म्हणत. दुसरं तोंड त्यांना येत नाही, असं फक्त खंडोजी काटकर म्हणत. ते त्याच पेपरात खेळाच्या पानावर चित्रं काढायचे आणि रविवारी त्यांच्याच घरी कॉफी प्यायचे.

पद्मनाभ पान गुंडाळायला लागला तेव्हा त्याची बायको नयना म्हणाली, "मूळ चित्र कशाला नेतोयस? झेरॉक्स ने की."

"एवढ्या मोठ्या माणसासमोर झेरॉक्स ठेवू?"

"का? त्यांच्यासमोर ठेवली तर फिकी पडेल?"

"लग्नाची पत्रिका कुणी झेरॉक्स काढून देतं का?"

"आपल्या लग्नाची दिली होती तुझ्या काकांनी," नयना म्हणाली. पण तोवर पान गुंडाळून झालं होतं.

रविवारच्या बैठकीत चार-पाच म्हातारे वेताच्या खुर्च्यांवर बसले होते. पहिला विषय गुडघे, दुसरा विषय पूर्वीसारख्या निबा मिळत नाहीत, तिसरा विषय आजकालचे संपादक. पद्मनाभने जुने अंक पुढे केले. ते प्रसादासारखे हातोहात फिरले आणि तितक्याच वेगात परत आले.

"भुतं काय रे ही?" खंडोजींनी विचारलं.

"राक्षस आहे. एकच आहे."

"एक काय, दहा काय. खाली ओळ कुठंय?"

"ओळ नाही. शब्दच नाहीत ह्यात."

"मग हसायचं कुठं, ते कळणार कसं लोकांना?"

"हसायचं नाहीये, काका."

ह्यावर खंडोजींनी व्यंकोजीरावांकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतो.

पद्मनाभने शेवटचं पान टीपॉयवर उलगडलं आणि चारी कोपऱ्यांवर कॉफीचे स्टीलचे पेले ठेवले. व्यंकोजीराव पुढे वाकले. मग त्यांनी चष्मा काढला, पंच्याने डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला.

"अण्णा, कसं वाटलं?" पद्मनाभने विचारलं.

"कोण रे तू पोरा," व्यंकोजीराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "पेन आण की खंड्या. शाईबी आण."

पद्मनाभला वाटलं, सही करतायत. समासात, कोपऱ्यात, आशीर्वाद म्हणून. त्याला इतका आनंद झाला की शाईच्या बाटलीचं झाकण त्यानेच उघडून दिलं.

व्यंकोजीरावांनी निब बुडवली आणि कोऱ्या गोलाच्या बरोबर मध्यावर टेकवली. तो रस्ता हाताला पाठ होता. आधी गोल चष्मा आला, मग मिशा, मग वर चढलेल्या भुवया. पद्मनाभ काही बोलेपर्यंत गाळ्या रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा खिडकीतून आत बघत होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने पद्मनाभच्या पाठीवर थाप मारली.

"कळलं का तुला काय केलंस ते?" खंडोजी त्याच्या कानाशी म्हणाले. "आमच्या वेळी नवा पोरगा धड काढायचा, हातपाय काढायचा, टेबल-खुर्ची, मागचं विधानसौध, सगळं काढायचा. तोंड कोरं सोडायचा. तोंड मोठे आर्टिस्ट, साहेब, भरणार. तसं पान पुढं ठेवलं की पाया पडल्यागत. हल्लीच्या पोरांना कुठं माहीत! व्यंकोजीपुढं कुणी कोरं तोंड ठेवून किती वर्षं झाली असतील कोण जाणे. तू लेका शिकून आलास कुठून हे?"

"मी..." पद्मनाभ म्हणाला.

"हे पान माझ्याकडं राहू दे," व्यंकोजीराव म्हणाले. ते अजून डोळे पुसत होते. "फ्रेम करतो. सरी?"

कन्नडात 'सरी' म्हणजे ठीक. पद्मनाभ म्हणाला, "सरी, अण्णा."

त्या आठवड्यात सांजदैनिकात अर्धं पान आलं. मोठा फोटो: भिंतीवर फ्रेम, फ्रेमशेजारी व्यंकोजीराव. खाली मजकूर, की शामण्णा आता राक्षस होऊन परतलाय आणि बुजवलेल्या तळ्यांवर खुसखुशीत टीका करतोय. चित्र गुरुशिष्यांनी मिळून काढल्याचं लिहिलं होतं. शिष्याचं आडनाव दिवे छापलं होतं.

"सांगून टाक ना त्यांना," नयना म्हणाली.

"कसं सांगू? रडले गं ते."

"तूही रड. फिट्टंफाट."

पद्मनाभ रडला नाही. त्याने नवा कागद ताणून बसवला आणि ते पान पुन्हा काढायला घेतलं. शेवाळ, गाळ, ओल, रेघेवर रेघ. ह्या वेळी त्याला वाटलं, आधीच्यापेक्षा बरं होतंय. राग चांगली शाई असते, असं त्याला त्या दिवसांत वाटत होतं. कोरा गोल मोकळा सोडून पान गुरुप्रसादकडे दिलं आणि एक शब्द न बोलता घरी आला. अंक छापून बाहेर पडला की गोष्ट बोलेल, मला बोलायला लागणार नाही, असा त्याचा विचार होता.

अंक बाहेर पडला. पेपरातल्या फोटोमुळे ह्या वेळी इंजिनिअरिंगच्या मुलांशिवायही लोक आले: बँकेतले, शाळेतले, एक तर होसकोट्याहून बसने. घेतलेला अंक त्यांनी काउंटरवरच शेवटून उघडला.

"मुख यल्ली?" त्यांनी विचारलं. तोंड कुठंय?

गुरुप्रसादने मशीनची काच पुसली. मूळ पान पाहिलं. तेही कोरंच. गिऱ्हाइकं परत यायला लागली, बदलून द्या म्हणायला लागली. खराब निघालेली प्रत आम्हाला का, असं एका बाईने तर बिलावरून भांडायच्या आवाजात विचारलं. पद्मनाभ ऑफिसात होता आणि तिथे विमानांशिवाय कशासाठीही फोन लागत नसे. तेव्हा गुरुप्रसादने व्यंकोजीरावांना फोन केला.

शनिवारी दुपारी पद्मनाभ दुकानाशी आला तर फुटपाथवर रांग होती. आत स्टुलावर व्यंकोजीराव बसले होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून. पुढे प्रतींचा गठ्ठा, हाताशी शाई. एकेक प्रत शेवटून उघडायची, कोऱ्या गोलात शामण्णा बसवायचा, फुंकर मारायची, द्यायची. खंडोजी रांग सांभाळत होते.

"आलास?" व्यंकोजीरावांचा चेहरा उजळला. "असं कुणी करतं काय रे? एका पानात तोंड मी भरलं, ते पुरे होतं की. तू सगळ्या प्रतींत सोडलंस! एकेका माणसासाठी! एवढा मान आमच्या साहेबांना बी कुणी दिला नाही."

"म्हातारा कालपासून झोपला नाही," खंडोजी म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच टोमणा नव्हता, आणि ते ऐकायला जास्त अवघड होतं.

पद्मनाभ काउंटरच्या आत गेला. गाळ्याचे सगळे अंक त्याला आठवत होते, एकेक आडोसा आठवत होता, आणि हे सगळं कशासाठी होतं ते सांगायला ह्याहून उशिराची वेळ मिळणार नव्हती.

"अण्णा," तो म्हणाला, "ते कोरंच आहे. मान म्हणून नाही सोडलं. त्याला तोंडच नाही. पहिल्यापासून नाही. गोष्टच ती आहे."

निब हवेत थांबली. रांगेतले दोघे-तिघे मान वाकवून आत बघायला लागले. व्यंकोजीरावांनी समोरच्या पानाकडे पाहिलं. खिडकी, जेवणारं कुटुंब, काळी मान. बैठकीतही पाहिलं नव्हतं इतकं नीट पाहिलं. मग निब बाटलीच्या काठावर पुसली.

"असं होय," ते म्हणाले. "मग मी इथं कशाला बसलोय?"

कुणी टोमणा मारावा तसं नाही म्हणाले ते. पत्ता विचारावा तसं विचारलं. दुसरा हात काठी शोधत होता. काठी गुरुप्रसादने मशीनमागे ठेवली होती, त्यामुळे हात नुसताच हवेत चाचपडत राहिला. खंडोजी रांगेकडे पाठ करून उभे राहिले. गावातल्या एका माणसाने तरी आता गाळ्या जसा आहे तसा पाहिला होता. पद्मनाभला हवं होतं ते एवढंच. ते मिळालं, आणि समोरचा माणूस स्टुलावरून उठता येईना म्हणून काउंटरची कड धरून बसला होता.

"प्रती बऱ्याच उरल्यात, अण्णा," पद्मनाभ म्हणाला. "लोक थांबलेत."

त्याने गठ्ठ्यावरची पुढची प्रत शेवटून उघडली आणि पान हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी अंगठे दाबून धरलं. व्यंकोजीरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग निब बुडवली.

संध्याकाळपर्यंत ते चाललं. पद्मनाभ पानं धरायचा, ते भरायचे. शेवटी शेवटी म्हाताऱ्याचा हात पार गेला. चष्म्याचे गोल एकमेकांत घुसले, मिशा हनुवटीखाली ओघळल्या, एका प्रतीत तर भुवया डोळ्यांच्या जागी आल्या आणि डोळे कुठेच आले नाहीत. त्या प्रतीकडे पद्मनाभ बघतच राहिला. एवढ्या वर्षांत त्याला स्वतःला असं काही जमलं नव्हतं.

रांगेतल्या मुलीने ती हातात घेतली, बघितली आणि काउंटरवर परत ठेवली.

"अंकल, हे फार भीतिदायक दिसतंय," ती म्हणाली. "मघाशी माझ्या मैत्रिणीला दिलं ना, तसलं द्या."

पद्मनाभने बदलून दिलं.