बॅप्टिस्टसाठी चार लावे

होळी गावातल्या आमच्या वाडीच्या टोकाला बावखल आहे. गोड्या पाण्याचं हे तळं अर्धं माझं, अर्धं शेजारच्या बॅप्टिस्टचं. लहानपणापासून आम्ही दोघं त्यात मासे धरत आलो. तीन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात त्याने केळींसाठी दिवसभर रहाट चालवला, पाणी तळाला गेलं आणि मरळीची सगळी पिल्लं चिखलात मेली. माझं डोकं फिरलं. मी त्याला चारचौघांत बाटगा म्हणालो. माशांच्या पिल्लांपायी! त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

पुढच्याच वर्षी माझी बायको प्रेमलता गेली. बॅप्टिस्ट खांदा द्यायला आला होता. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढा ताठा माणसाला कशाला हवा असतो, ते मला अजून समजलेलं नाही. मुलगी लीला चांदीपला सासरी, वर्षातून दोनदा येणार. घरात राहिलो मी आणि माझी ठासणीची बंदूक.

मग मी पाण्यामागे आणि पाखरांमागे हिंडत राहिलो. भादव्यात शेतातलं पाणी उतरायला लागलं की बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावायचा, सकाळी त्यात शिंगटी मिशा हलवत बसलेली. थंडीत नायगावच्या बाजूला खाजणात बदकं उतरतात. गुडघाभर चिखलात उभं राहायचं, एखादं पडलं तर पडलं. फाल्गुनात बावखल आटू लागलं की मरळ गळाला लागते. पण हातभर मरळ एकट्याने किती खायची? दोन तुकड्या तळायच्या, उरलेली मांजराला. मांजर लठ्ठ झालं. मी त्याच्याशीच बोलायचो, आणि तेही जेवण झालं की उठून जायचं.

बावन्न सालच्या चैत्रात कापलेल्या शेतांत मी घोड्याच्या केसांचे फासे मांडले. चार लावे जिवंत सापडले. बॅप्टिस्टला लावे म्हणजे जीव की प्राण, पण फासा मांडणं त्याला कधी जमलं नाही. पूर्वी दर साली मीच नेऊन द्यायचो. ती पाखरं हातात फडफडली आणि मनात आलं, पुरे झालं आता. पाय धरायची वेळ आली तरी धरू, पण असं एकटं राहवत नाही.

टोपली फडक्याने बांधली आणि निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बरंच झालं म्हटलं, माझी फजिती बघायला कोणी नको.

ओटीवर बॅप्टिस्टची बायको जुलियाना बसली होती. मी टोपली पुढे ठेवली, फडकं सोडलं. "लावे आणलेत. बॅप्टिस्टला आवडतात तसे कर, झणझणीत."

ती ताडकन उठली. "अजून जीव थंड नाय झाला तुमचा, एकनाथभाऊ? आजच्या दिवशी मांस घेऊन दारात येता? तेव्हा तोंडाने बोललात, आता असं?"

मला काही कळेना. आवाज ऐकून बॅप्टिस्ट बाहेर आला. अंगात काळा कोट होता. त्याने टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकनाथ, आज वार कोनता?"

"बुधवार," मी म्हणालो. मग खात्री वाटेना. "नाहीतर गुरुवार."

"आज उत्तम शुक्रवार, रे. आमचा देव क्रुसावर गेला तो दिवस."

जन्म यांच्या शेजारी काढला मी. प्रेमलता हा दिवस आठवणीने सांगायची, त्या दिवशी घरात मोठ्याने हसू द्यायची नाही. चंद्र बघून तिथी कळते, वार कशावरून कळणार?

"चेष्टा नाही केली रे," मी म्हणालो. "आईशप्पत. मला वार सांगायला घरात कोणी नाही. आणि तेव्हा जे बोललो ते..." साठीचा माणूस मी, दुसऱ्याच्या ओटीवर उभा राहून रडलो.

जुलियानाने आतून पाणी आणून दिलं. बॅप्टिस्टने टोपली सावलीत सरकवली, लाव्यांपुढे मूठभर भात टाकला.

"परवा ईस्टर. तोवर ऱ्हातील जिवंत. जेवायला ये." मग थांबून म्हणाला, "नाय, नको. मीच बोलवायला येतो. तुझा काय भरवसा!"

घरी आलो आणि दोन दिवस बोटांवर वार मोजत बसलो. रविवारी उजाडताच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून दारात बसलो. ऊन ओटीवर आलं, बॅप्टिस्ट अजून दिसत नव्हता, आणि पुन्हा पुन्हा वाटत होतं, आज शनिवार तर नसेल?