बठ्ठं शे

नूर महंमद यांच्या गादी-उशांच्या दुकानावर एक खोली होती. भिंतींना लागून कापसाची गाठोडी रचलेली असल्याने तिथे आवाज घुमत नसे. महिन्यातून एका रविवारी दुपारी चौघं तिथे जमत आणि स्वतः रचलेली गाणी ऐकवत. नूर महंमद यांचा मुलगा जुनैद पेटीवर गायचा, भडगावचा नवल गिटार आणायचा, उर्दू शाळेत शिकवणारी अलफिया शब्दांकडे लक्ष द्यायची. चेलना धुळ्याहून बसने जळगावला यायची. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे.

गाणं कोणाचं ते आधी सांगायचं नाही, हा नियम तिचाच. पूर्वी सगळे एकमेकांना नुसतं 'वा, वा' करत. "नमुना तपासताना बाटलीवर नाव नसावं," ती म्हणाली होती. तेव्हापासून गाणी जुनैदकडे पाठवली जात आणि तोच सगळी गाई. ज्याचं गाणं असेल त्यालाही मत द्यावं लागे, नाहीतर गप्प बसणारा लगेच ओळखू आला असता. शेवटी जुनैद "कोणाचं?" असं विचारी आणि एक हात वर होई.

आजचं शेवटचं गाणं चेलनाचं होतं.

तिचे वडील दलिचंद यांचं धुळ्यात कापडाचं दुकान होतं. खेड्यातलं गिऱ्हाईक आलं की ते अहिराणीत म्हणत, "बठ्ठं शे, बसा." सगळं आहे, बसा. पक्षाघातानंतर त्यांचं बोलणं गेलं आणि 'बठ्ठं शे' एवढंच उरलं. पाणी हवं का, दुखतंय का, कशालाही उत्तर तेच. चेलनाने त्याच शब्दांवर धृपद बांधलं होतं. वडील आजारी आहेत, यापलीकडे तिने इथे काही सांगितलं नव्हतं. सकाळी निघताना ती त्यांना म्हणाली होती, "बाऊजी, आज तुमचे शब्द लोकांना ऐकवणार आहे. कोण काय म्हणालं ते येऊन सांगते." त्यांनी डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला होता.

जुनैदने गाणं संपवलं. नवल आधी हसला.

"हे दुकानाबाहेर स्पीकरवर लावा. बठ्ठं शे, बठ्ठं शे! साड्या शेत, ब्लाउजपीस शेत!"

अलफियाही हसली. "अंतरा बरा आहे, पण हे धृपद किती वेळा येतं! चेलनाताई, तुला काय वाटलं?"

चेलनाचे कान तापले होते. आवाज मात्र वर्गातल्यासारखा सरळ निघाला.

"लिहिणाऱ्याकडचे शब्दच संपलेत. दुसरं काही बोलता येत नाही म्हणून तेच तेच म्हणत बसलाय. ऐकणाऱ्याने तरी किती वेळ सहन करायचं?"

"आज ताईंनी ॲसिडच ओतलं," नवल म्हणाला.

आपण काय बोललो हे तिला वाक्य संपल्यावर कळलं. मनगटावरची जागा तिने ओढणीने झाकली.

"कोणाचं?" जुनैदने विचारलं. तो पेटीकडे बघत होता. त्याला माहीत होतं.

तिचा हात मांडीवरून हलला नाही. जुनैदने स्वतःचाच हात वर केला.

"माझंच आहे."

"तरीच!" नवलने गुडघ्यावर थाप मारली. "जुनैदभाई, गाद्या विकताय की गाणं?"

"दोन्हीला गिऱ्हाईक नाही," जुनैद म्हणाला. सगळे हसले. चेलनाही हसली, आणि त्या हसण्याची तिला किळस आली.

"ऐका, गाणं सुधारू आपण," नवल तारा जुळवत म्हणाला. "बठ्ठं शे काढून टाकू. तिथे नुसता आलाप घ्या. मालकाची परवानगी आहे ना?"

नियम तोच होता. काय ठेवायचं, काय काढायचं, हे ज्याचं गाणं त्यानेच ठरवायचं.

"काढू?" जुनैदने विचारलं. तोंड नवलकडे होतं, डोळे चेलनाकडे.

चेलना पेटीच्या पट्ट्यांकडे बघू लागली. जुनैदने भाता ओढला आणि गाऊ लागला. धृपदाची जागा आली आणि तिथे नुसता आ-कार लागला. तो सुरेल होता. तिच्या बाऊजींचा तिथे मागमूस नव्हता.

"ते काढू नका," चेलना म्हणाली.

पेटी थांबली.

"ताई, तुम्हीच तर म्हणालात," नवल म्हणाला. "सहन होत नाही म्हणून."

"गाणं माझं आहे." तिने हात वर केला. आता त्याची गरज नव्हती, तरी केला. "माझ्या वडिलांना तेवढंच बोलता येतं."

नवलने गिटार मांडीवरून खाली ठेवली. "ताई, मी उगाच ते स्पीकरचं..."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

अलफिया तिच्याजवळ सरकली, पण तिला हात लावावा की नाही हे तिला ठरवता येईना. नियम कोणी केला होता, याची आठवण कोणीच काढली नाही. काढली असती तर चेलनाला बरं वाटलं असतं.

"वडील ते कसं म्हणतात?" जुनैदने हळूच विचारलं. "मी गाण्यासारखं म्हटलं. ते तसं म्हणत नसतील."

"नाही."

"मग तूच म्हण."

ती कधी कोणासमोर गायली नव्हती. जुनैदने सूर धरला. चेलनाने खाली बघत बाऊजींसारखं म्हटलं, पहिल्या अक्षरावर अडखळत, शेवट अर्धवट सोडून. कापसाने तो आवाज लगेच शोषून घेतला.

"आणखी एकदा," जुनैद म्हणाला. त्याने फोन उचलून तिच्यासमोर धरला. "त्यांना ऐकवायला."

लाल ठिपका लागला. आता घरी गेल्यावर कोण काय म्हणालं हे त्यांना सांगावं लागणार होतं, आणि त्यात तिचंही म्हणणं येणार होतं. तिने तोंड उघडलं.