नवरा घरी ठेवून

बर्फाच्या कारखान्यातल्या लवूने जाड दाराचा अडसर काढला आणि हरिश्चंद्र मास्तर लोकरीचा कोट, कानटोपी, वर मफलर असा सगळा सरंजाम अंगावर चढवून बर्फाच्या कोठीत शिरले. बाहेर मालवणचा चैत्र असा तापला होता की कौलांवर बसलेले कावळेसुद्धा पाय आलटूनपालटून उचलत होते.

बर्फासाठी टोपल्या घेऊन रांगेत बसलेल्या मासळीवाल्यांची ही रोजची करमणूक.

"मास्तरानु, सुरमयच्या बाजूक बसा हां!" गंगू ओरडली. "सांजपर्यंत ताजे ऱ्हवतलास!"

"आणि चुकान माझ्या टोपलेत इलास तर बोलू नकात," शेवंती म्हणाली. "वजनाक बरे आसात."

वालावलचे भाई दर वर्षी दहाबारा माणसं केदारनाथाला घेऊन जात. रुद्रप्रयागाच्या पुढे सगळं पायी, साडेअकरा हजार फुटांपर्यंत. त्यांची अट एकच: निघण्याआधी आपलं गाठोडं आपल्या डोक्यावर घेऊन आंबोलीचा घाट चढून दाखवायचा. जो चढला नाही, त्याने दर्शन फोटोत घ्यावं. मास्तरांनी तीस वर्षं भूगोल शिकवताना फळ्यावर इतक्या वेळा हिमालय काढला होता की तेवढ्या खडूचा एक लहानसा डोंगर झाला असता. पण स्वतः चढले होते ते फार तर शाळेच्या माळ्यावर. थंडीची सवय मालवणात होणार कुठे? म्हणून ही बर्फाची कोठी.

आनंदी, त्यांची बायको, पहाटे डोक्यावर पाच शेर तांदूळ घेऊन वाळूतून तीन मैल चाले. आधी नवऱ्याला सोबत म्हणून यादीत नाव दिलं होतं. पण महिनाभरात तिची तिच्याच पायांशी ओळख झाली. वळणापुढचं वळण बघावंसं वाटू लागलं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मास्तर चष्मा विसरले, म्हणून ती कारखान्यावर आली. रांगेतल्या बायकांबरोबर थोडं हसलीही. लवूने मात्र चष्मा घेतला आणि नजर चुकवली. तशी ती पाऊल न वाजवता मागच्या बाजूला गेली.

मागच्या दाराशी, भुशाच्या पोत्यांवर मास्तर बसले होते. कोट उतरवलेला, डोळे मिटलेले, उजवा तळवा छातीवर दाबून धरलेला. तोंडाचा रंग राखेसारखा.

"दोन मिनटां आत ऱ्हवतत, वयनी," मागोमाग आलेला लवू तिच्या कानाशी पुटपुटला. "मगे ह्या दारान भायर. परवा तर पडलेच. माका शपथ घातल्यानी."

आनंदी आल्या पावली परत फिरली.

दुपारी मास्तर जेवायला बसले. "आज तासभर बसलंय! केदारची थंडी आता माका काय करतली?"

"आमटी वाढू?" तिने विचारलं.

बोललं, तर मास्तर दोन्ही नावं खोडणार. नाही बोललं, तर त्यांचं नाव घाटच खोडणार.

संध्याकाळी भाई यादी पक्की करायला आले. वही मांडीवर, पेन्सिल कानावर.

"हरिश्चंद्र मास्तर आणि वयनी. दोगांय येतास मा?"

"म्हणजे काय!" मास्तर चहाचा कप उचलत म्हणाले.

"ह्यांचा नाव काढा," आनंदी दारातून म्हणाली.

कप बशीवर आपटला.

"काय गो?"

"कोठीच्या मागच्या दाराक मी जावन इलंय."

मास्तरांनी कप बशीसकट दूर सारला. मग शाळेत चूक सापडलेल्या मुलासारखे स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. भाईंनी पेन्सिल उचलली.

"बरा. दोनूय काढतंय."

"माझा ऱ्हवांदे."

भाईंची पेन्सिल हवेतच राहिली. "वयनी, विधवा येतत. जोडपी येतत. घोव घरात ठेवन अजून एकय बायल इली नाय."

"मगे पयला नाव लिवा."

भाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठले, चपला न घालता परसात गेले आणि विहिरीकडे तोंड करून उभे राहिले.

"घाट चढलात तर लिवतंय," भाई म्हणाले आणि वही मिटून निघाले.

पुढचे चार दिवस त्या घरात काय ती भांडीच बोलली. मास्तर जेवत, वर्तमानपत्र वाचत, तेच पान पुन्हा वाचत. शनिवारी ती घाट चढायला गाठोडं घेऊन निघाली, तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

"सुभद्रा दोन येळ जेवण घेवन येतली," तिने शेजारणीचं नाव सांगितलं. "औषध फळीर आसा."

रविवारी पहाटे भाईंची टोळी घाटाच्या पायथ्याच्या दाणोलीहून निघाली. अर्ध्या घाटात आनंदीच्या छातीत ढोल वाजू लागला. पाय चालत होते, पण मन मागे घरात. एकटे आहेत. छातीत कळ आली तर हाक कोणाला मारतील? दर वळणावर वाटे, इथूनच परतावं. एका चढावर ती खरंच थांबली, तोंड खाली वळवलं.

खालून बेळगावची एसटी कण्हत येत होती. त्या चढावर तिचाही जीव मेटाकुटीला आला होता. ती माणसाच्या चालीने सरकत होती. खिडकीत मास्तर बसले होते.

न्यायला आले, तिला वाटलं. वर जाऊन भाईंसमोर हात धरतील आणि खाली नेतील. ती घाईने पुढे वळली आणि चालू लागली. गाडी तिच्या बाजूला आली. दहाबारा पावलं दोघं बरोबरीने निघाली. मास्तर पुढच्या प्रवाशाच्या मानेकडे बघत होते. तिला बोलायचं होतं, पण श्वासच पुरेना.

"आ वासून चलू नको," मास्तर समोर बघतच म्हणाले. "नाकान श्वास घे. मोजून."

गाडीने गिअर बदलला, काळा धूर सोडला आणि ती वळणाआड गेली. आनंदीने तोंड मिटलं. धूर विरायचीही वाट न बघता तिने पाऊल उचललं. एक.