दाब न देता बांधलेलं पुस्तक

डाव्या डोळ्याची नजर गेली आणि बसची नोकरी सुटली, तेव्हा ड्रायव्हर पन्नाशीला टेकला होता. गल्लीत सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. बस गेली तरी हाक तीच राहिली, आणि दर हाकेला तो आतून खट्टू व्हायचा. बायको सकाळी दवाखान्यात कामाला जायची. हा दिवसभर कुठला नळ गळतो, कुठलं दार करकरतं ते शोधत बसायचा आणि ती आली की तिच्यावर करवादायचा.

शेवटी बायकोनं जावेच्या कानावर घातलं. जाऊ म्हणजे त्याची वहिनी, थोरल्या भावामागे एकटीनं संसार रेटलेली. पुस्तकबांधणी तिच्या माहेरची विद्या. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान: एक लांब टेबल, लोखंडी दाबयंत्र, पुठ्ठ्यांचे गठ्ठे आणि खळीचा आंबूस वास.

"भाऊजी, भिंतींशी भांडायचं तर माझ्याकडे येऊन भांडा," वहिनी म्हणाली. "माझ्या भिंतींना सवय आहे."

तो गेला. कागद घडी करणं, पुठ्ठा कापणं जमू लागलं. शिवणीपाशी मात्र घोडं अडलं. पुस्तकाच्या कण्याला भोकं पाडून त्यातून मेण लावलेला दोरा ओवायचा, तर सुई दर वेळी भोकाच्या अलीकडे नाहीतर बाजूला.

"एका डोळ्याला अंतर कळत नाही, वहिनी. मला नाही जमायचं हे."

"मग डोळ्यावर कशाला सोपवता? भोकामागे बोट धरा. सुई बोटाकडे येईल."

"आणि बोटात घुसली तर?"

"तर समजायचं, बरोबर जागी आली."

बोटं चाळणीसारखी झाली. वहिनी चिकटपट्टी लावून द्यायची आणि पुन्हा सुई हातात ठेवायची. कधी आवाज चढवला नाही, कधी कीव केली नाही. वाकडी शिवण दिसली की स्वतः उसवायची आणि म्हणायची, "बघा, उसवायला दोन मिनिटं लागतात. जीव जात नाही." हळूहळू शिवण सरळ येऊ लागली. तोवर वहिनीची बोटं सांधेदुखीनं आखडत चालली होती. जड कामं आपोआप त्याच्याकडे आली.

एके दिवशी अंधशाळेतल्या बाई आल्या. त्या स्वतःही अंध. बरोबरच्या शिपाईमामांनी टेबलावर ब्रेलच्या सुट्या पानांचा गठ्ठा ठेवला.

"मागच्या वेळी एकांनी छान बांधून दिलं," बाई म्हणाल्या, "पण दाबयंत्रात घातलं आणि ठिपके बसले. मुलांच्या बोटांना पान कोरं लागायला लागलं. दाब न देता बांधता येईल का?"

ड्रायव्हरनं वहिनीकडे पाहिलं. दाबाशिवाय बांधणी म्हणजे ब्रेकशिवाय बस.

"प्रयत्न करू," वहिनी म्हणाली. "कोऱ्या कागदावर आधी बघू, मगच तुमच्या पानांना हात लावू."

पहिला नमुना फसला. वरचे पुठ्ठे ओल्या खळीनं पापडासारखे वाकले. दुसऱ्यात कणा बारीक आणि पुढची बाजू फुगलेली, पुस्तक मिटेचना. दोघं डोकं धरून बसले. मग वहिनी पुठ्ठ्यावर बोट आपटत म्हणाली, "पुठ्ठे आधी वेगळे वजनाखाली वाळवून घेतले तर? पुस्तकाला दाब कशाला हवा?" आणि ड्रायव्हरला सुचलं, की पानं ठिपक्यांमुळे जितकी फुगतात, तितकंच कण्यातही काही भरायचं. त्यानं जोडीजोडीनं पानं कापडाच्या पट्टीवर चिकटवली, मधे कोऱ्या कागदाच्या अरुंद पट्ट्या घातल्या आणि मग शिवलं. पुस्तक मिटलं. उघडलं तेव्हा टेबलावर सपाट पसरलं.

तसंच खरं पुस्तक बांधून दोघं शाळेत घेऊन गेले. बाईंनी ते मांडीवर उघडलं, ओळींवरून बोटं फिरवली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. पुढे त्या वाचतच राहिल्या. मधेच हसल्या, बहुधा मजकुरात काही गंमत होती. आपण समोर बसलोय हे त्या विसरल्या, याचं ड्रायव्हरला फार बरं वाटलं.

भानावर येऊन त्यांनी विचारलं, "कोणी बांधलं?"

त्यातलं निम्मं डोकं वहिनीचं होतं. पण ती शांतपणे म्हणाली, "आमचे भाऊजी. बाइंडर आहेत."

एरवी ती ओळख करून द्यायची ती 'पूर्वी बस चालवायचे' अशी.

बाई म्हणाल्या, "मग बाइंडरसाहेब, आमच्या मोठ्या मुलांना शिकवाल का? वाचनालयात फाटक्या पुस्तकांचं कपाट भरलंय."

"मला शिकवता येईल की नाही, माहीत नाही," तो म्हणाला. "पण मला जसं शिकवलं, तसं करून बघतो."

परतताना रस्त्यात तो थांबला. "वहिनी, तुम्ही बोलावलं नसतं ना, तर मी त्या घरात सडलो असतो. हे कधी बोललो नाही."

"भलतंच," ती म्हणाली. "मला गठ्ठे उचलायला माणूस हवा होता." मग चार पावलं गेल्यावर हळूच बोलली, "तुम्ही आलात म्हणून दुकान उघडं राहिलं, भाऊजी. नाहीतर मी केव्हाच कुलूप लावणार होते."

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. जावेच्या कानावर घातल्याबद्दल तिचे आभार मानायचे होते. पण इतक्या वर्षांच्या संसारात ते कसं म्हणायचं ते सुचेना. म्हणून तो उठला आणि तिच्या आधी स्वयंपाकाला लागला.