येतो हं

हॉट स्प्रिंग्ज या गरम झऱ्यांच्या गावाला जायची कल्पना हिमानीचीच, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला दुसरं कुणी नव्हतं. लिटल रॉकच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या मुलीला जुन्या इमारतींचं वेड, आणि ठाण्याहून आलेल्या तिच्या आजोबांना, श्रीरामरावांना, गरम पाण्याच्या कुंडांचं. दर थंडीत वज्रेश्वरीला जाऊन डुंबल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पण यंदा बायपास झाली होती. "त्यांना गरम पाण्यात उतरू देऊ नकोस, आणि एकटं तर मुळीच सोडू नकोस," असं बाबांनी दूर चँडलरच्या घरून फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या एका अंगाला जुनी स्नानगृहं ओळीनं उभी आहेत. त्यातल्या एकाच्या पायऱ्यांपाशी हिमानी रंगीत काचांचा फोटो काढत होती, तेव्हा मागून आजोबा म्हणाले, "येतो हं."

"ओके, आजोबा," असं मान न वळवता म्हणून ती चालू लागली. येतो म्हणालेत, म्हणजे येतील मागून, या भरवशावर बाईसाहेब रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्ल्यांमधली जुनी दुकानं बघत हिंडल्या. वळून पाहिलं, तर आजोबांचा पत्ता नाही.

आधी तिला रागच आला. मग आठवलं, त्यांचा फोन आपल्याच पर्समध्ये आहे. मागून येताना चुकले असणार, म्हणून तिनं सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. "आजोबा! आजोबा!" लोक वळून बघत होते, पण ते कुठेच नव्हते. आणि मग लांब हिरवळीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी, तिला वाफा दिसल्या.

ती धावत सुटली.

कुंडाच्या काठावर आजोबांचे बूट होते. देवळाबाहेर ठेवावेत तसे जोडीनं, मोजे आत खोचून. शेजारी पाटी: पाण्यानं भाजेल. पाणी उथळ होतं, तळ दिसत होता, तरी ती वाकून वाकून बघत राहिली. आत उतरले असतील? छातीत कळ आली असेल? कुणी उचलून नेलं असेल? तिथली देखरेख करणाऱ्या रेंजरबाईनं वॉकीटॉकीवर चौकशी सुरू केली. हिमानीनं बाबांना फोन लावला.

"बाबा, आजोबा मिसिंग आहेत! ओन्ली शूज आहेत इथे!"

"काय? तू कुठे होतीस?"

"मी पुढे. ते 'येतो' म्हणाले, सो आय थॉट मागून येतायत..."

बाबांनी तिला मध्येच थांबवलं. "अगं, निघताना आपण 'जातो' म्हणत नाही. अशुभ वाटतं. 'येतो' म्हणतो. ते तुझ्यामागे येत नव्हते, हिमानी. ते निघाले होते. परत येतो म्हणून सांगून."

ती इकडेच वाढलेली; घरात सगळे 'बाय' म्हणत. हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. परत येतो, म्हणजे कुठे? बूट छातीशी धरून ती पळाली. मागोमाग रेंजरबाई.

त्याच पायऱ्यांवर आजोबा बसले होते. अनवाणी, घामाघूम, ये-जा करणारा प्रत्येक चेहरा निरखत. तिला बघताच त्यांचा बांध फुटला.

"नुसतं बोट बुडवलं गं. पाणी कसलं, आधण ते! मग वाटलं, उशीर झाला, पोर वाट बघत असेल. तसाच अनवाणी आलो. तर तू नाहीस." त्यांनी बाहीनं कपाळाचा घाम पुसला. "मी येतो म्हणून गेलो होतो. तू काही न सांगताच गेलीस."

हिमानीला रडू आवरेना. खाली बसून तिनं त्यांच्या तळव्यांची धूळ ओढणीनं पुसली आणि त्यांना मोजे घातले. मग आजोबांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

गाडी आणायला तर हवीच होती. रेंजरबाई म्हणाली, मी बसते यांच्याजवळ. हिमानी उठली, पण आजोबा हात सोडेनात.

"आजोबा," ती म्हणाली, "येते हं."

तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.