तिसऱ्या नावाखालचे पहिले नाव

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पाठीला कापड, वर-खाली लाकडी दांडे आणि अंगावर एक फार पुरातन देश. पाचवीच्या वर्गात फळ्याशेजारचा खिळा माझा होता. आता त्यावर तो लटकतो.

तो म्हणजे नवा नकाशा. प्लास्टिकचा, चकचकीत. मुले त्याच्यावरून बोट फिरवत, तेव्हा कपाटामागे उभ्या उभ्या माझा जळफळाट होई. सर्वांत जास्त हेवा वाटे तो त्याच्या कपाळाचा. तिथे देशाचे एकच नाव, तेही छापील! आणि माझ्या कपाळावर ठिगळे.

मी छापला गेलो, तेव्हा देशाला परक्या दर्यावर्दींनी दिलेले नाव होते. त्यांनी नदीचे नाव अर्धवट ऐकले आणि तेच देशाला देऊन टाकले. पुढे राजांनी आपल्या घराण्याचे नाव दिले. शिपाईकाकांनी माझ्यावर खळ लावून कागदाची पट्टी डकवली. राजे गेले, आणि लोकांनी घराघरांत हजारो वर्षे जपलेले नाव परत आले. दुसरी पट्टी! म्हणजे सर्वांत जुने नाव सर्वांत वर. मला मात्र त्यात गंमत दिसली नाही, नुसती लाज वाटली.

शनिवारी काका मला कापून कपाटाच्या फळ्यांवर अंथरणार होते.

शुक्रवारी एका मुलीने आजोबांचा शाळेचा दाखला आणला. आजोबा लहानपणी त्याच देशातून आलेले. दाखल्यावरचे देशाचे नाव ती नव्या नकाशावर शोधत राहिली. सापडेना.

"तुझे आजोबा काय आभाळातून पडले का गं?" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. वर्ग हसला. तिने दाखल्याची घडी घातली, मग आणखी लहान घडी घातली.

बाईंनी काकांना बोलावले. "तो जुना नकाशा टाकलात का हो?"

"उद्या कापणार होतो, बाई. नुसती ठिगळं आहेत त्याच्यावर."

"तीच हवी आहेत."

काकांनी ओल्या फडक्याने पट्ट्यांच्या कडा भिजवल्या. पट्ट्या न फाटता उचलल्या गेल्या. त्यांनी तेव्हा खळ पातळ लावली होती. खाली नदीचे ते चुकीचे नाव निघाले, अक्षर न् अक्षर दाखल्यासारखे.

मुलीने त्यावर बोट ठेवले. "आजोबा खरंच सांगत होते," ती हळूच म्हणाली. या वेळी कोणी हसले नाही.

आता आम्ही दोघे शेजारी लटकतो. पट्ट्या एका कडेने चिकटवल्या आहेत. मुले पानांसारख्या उलटतात. खोटे कशाला बोलू, पंख्याचा वारा त्यालाच लागतो म्हणून मी अजून थोडा जळतो. पण कपाळ बदलून घे म्हणाल, तर घेणार नाही.

मित्रांनो, नवे नाव खुशाल चिकटवा. खळ तेवढी पातळ लावा. खाली कोणाचे तरी आजोबा असतात.